झाडूच्या दांड्यावरच्या सह्या

ही गुंडाळी नीट बघा. पाचशेहून जास्त कागद एकाखाली एक चिकटवलेत, लांबी सुमारे २७० मीटर. आतला दांडा झाडूचा आहे. न्यूझीलंडच्या केट शेपर्डनं बायकांच्या सह्यांचे कागद जोडून ही गुंडाळी केली. मागणी एकच, मतदानाचा हक्क. १८९३ साली खासदार जॉन हॉल यांनी ही गुंडाळी भर संसदेत सोडली. कागद उलगडत गेला आणि दांडा समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला, असं सांगतात. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला कायदा झाला. बायकांना मत देणारा हा पहिला स्वशासित देश.

या मागणीमागे शंभर वर्षांचं भांडण होतं. फ्रान्सच्या क्रांतीनं माणसाचे हक्क जाहीर केले, त्यात बाई कुठेच नव्हती. १७९१ साली फ्रेंच लेखिका ओलांप द गूजनं बायकांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. बाईला वधस्तंभावर चढवता, मग तिला भाषणाच्या व्यासपीठावरही चढू द्या, हे तिचं म्हणणं. दोनच वर्षांत तिचा गिलोटिनवर शिरच्छेद झाला. फ्रेंच बायकांना मतदानाचा हक्क मिळाला तो थेट १९४४ साली.

१८४८, अमेरिकेतलं सेनेका फॉल्स. तिथे बायकांच्या हक्कांसाठी परिषद भरली. तिच्या जाहीरनाम्यावर शंभर जणांनी सह्या केल्या : ६८ बायका, ३२ पुरुष. मताची मागणी तिथल्याही अनेकांना जास्तीची वाटत होती. गुलामगिरीतून निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस तिच्या बाजूनं बोलले, तेव्हा कुठे ठराव निभावला. सही करणाऱ्यांत हातमोजे शिवणारी, विशीही न गाठलेली शार्लट वुडवर्ड होती. १९२० साली अमेरिकेत बायकांना मत मिळालं, तेव्हा त्या सह्यांपैकी ती एकटीच हयात होती. वय नव्वद. आजारपणामुळे तिला मतदानाला जाता आलं नाही. आणि दक्षिणेतल्या बहुसंख्य कृष्णवर्णीय बायकांना त्यानंतरही, १९६५चा मतदान हक्काचा कायदा होईपर्यंत, नाना अटी घालून मतदानापासून लांबच ठेवलं गेलं.

पुस्तकात तुम्ही स्त्रीवादाच्या ‘लाटा’ वाचाल, म्हणजे या चळवळीचे एकामागून एक आलेले टप्पे. शब्द सोयीचा आहे, पण मला तो खटकतो. लाट ओसरते. या बायका मधल्या काळातही सभा घेत होत्या, पत्रकं वाटत होत्या, सह्या मागत होत्या.

मत मिळालं, तरी घरातलं काम कुणाचं, पगार कमी का, मूल कधी हवं हे कोण ठरवणार, हे प्रश्न तसेच राहिले. १९६० नंतर बायका ते उघडपणे विचारू लागल्या.

२४ ऑक्टोबर १९७५. आइसलँडमधल्या सुमारे ९० टक्के बायकांनी त्या दिवशी काम केलं नाही, नोकरीवरचं नाही आणि घरातलंही नाही. शाळा बंद पडल्या. बाप मुलांना घेऊन कामावर गेले. रेडिओवर बातम्या सुरू होत्या, आणि वाचणाऱ्याच्या आवाजामागे लहान मुलांचा खेळण्याचा गलका ऐकू येत होता.