काटा हलला

आधी कटरचा आवाज येतो, मग धूळ. पुण्यातली 40 वर्षं जुनी सोसायटी, दुसरा मजला, छोटंसं न्हाणीघर. फरशा निघाल्यात, गिलावा उतरलाय, विटांतून जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, पाईप उघडा पडलाय. प्लंबर त्याचा तुकडा उजेडात धरतो. आत पेन्सिल जेमतेम जाईल एवढीच वाट, बाकी सगळा गंज. घरचे मात्र इतकी वर्षं गच्चीवरच्या टाकीला दोष देत होते.

नवा पाईप सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचा. त्यासाठी भिंतीत झिरी, म्हणजे पाईपापुरती खाच, मारायची, पण भिंत साडेचार इंची. उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत चालते, आडवी फक्त एक षष्ठांश, म्हणजे इथे 19 मिलिमीटर. पाऊण इंची पाईप बाहेरून 22 मिलिमीटर, वळणावरचा जोड, एल्बो, त्याहून जाड. म्हणून आडवी लाइन छताखालून फिरते आणि नळाच्या जागी सरळ खाली उतरते. अर्थात, भिंतभर आडव्या झिऱ्या मारून मोकळे होणारेही कमी नाहीत.

जोड पुरते धरल्यावर गळती तपासायला दाबाचा काटा असलेला हातपंप लागतो. पाण्याचा दाब 10 किलोवर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 10 किलो. टाकीचं पाणी दर 10 मीटर उंचीला एक किलो दाब देतं. हे त्याच्या कितीतरी पट.

दारात गवंडी तंबाखू मळतोय. त्याची रोजची हजेरी चालू आहे.

"बुजवून घेऊ का, काकू?"

"उद्या," प्लंबरच उत्तर देतो. "रात्रभर राहू दे."

सकाळी काटा नऊच्या खाली. नळ-शॉवरमध्ये पाणी वळवणाऱ्या डायव्हर्टरच्या पितळी आट्यांशी एक थेंब लोंबतोय. पडत नाही, नुसता लोंबतोय. आटे खोलून नवी टेफ्लॉन टेप, पुन्हा पंप, पुन्हा एक रात्र. काकू तेवढ्यात मेजरटेप भिंतीला धरून फोटो काढून घेतात.

आता गवंडी. ब्रशने धूळ झाडतो, विटांवर पाणी मारतो. नाहीतर कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते. एकास चारचा, म्हणजे एक भाग सिमेंट नि चार भाग वाळूचा, माल झिरीत दाबून भरतो आणि वाट पाहतो. दुसऱ्या दिवशी झिरीच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंच जाईल अशी कोंबडी जाळी, मग गिलावा. जाळी चुकवली तर पाईपच्या रेघेवरच तडा जातो, कारण नवा माल सुकताना आकसतो. त्यात गीझरची लाइन: तीन मीटरचा सीपीव्हीसी 40 अंशांनी तापला की सात-आठ मिलिमीटर वाढतो. त्याला हलायला जागा हवी, म्हणून गरम पाईपाला आधीच फोम गुंडाळलाय.

मग सात दिवस पाणी मारायचं. फरशीवाल्याचे रोज फोन येतात.

महिन्याभराने टॉवेलचा रॉड लावायला माणूस येतो. "काकू, इथंच ना?"

काकू मोबाइल काढतात. कोपऱ्यापासून 42 सेंटिमीटरवर गरम लाइन.

तो पेन्सिलीची खूण अंगठ्याने पुसतो आणि वीतभर डावीकडे नवी करतो.