कुठे बघायचं आणि किती थांबायचं

(सॉफ्टवेअर टेस्टिंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी सेलेनियम किंवा ॲपियम, म्हणजे ब्राउझर आणि मोबाइल ॲप आपोआप चालवून तपासायची टूल्स, थोडीफार चालवून पाहिलीत असं कळलं, म्हणजे 'ऑटोमेशन कशाला म्हणतात' इथून सुरुवात करायला नको. कुठलं टूल चांगलं, हेही मी सांगणार नाही. ती तुलना दोन वर्षांत शिळी होते.

एक साधी स्क्रीन घेऊ. मोबाइल नंबर टाकायची चौकट आणि तिच्याखाली 'पुढे' असं बटण. माणूस नंबर टाकतो, बटण दाबतो, पुढची स्क्रीन येते. हेच काम स्क्रिप्टला सांगायचं तर तिला दोन गोष्टी शिकवाव्या लागतात, ज्या माणसाला कधी शिकवाव्या लागत नाहीत. एक, बटण कुठे आहे. दुसरी, ते दाबायची वेळ झाली हे कशावरून ओळखायचं. यूआय टेस्टिंगमधली, म्हणजे स्क्रीनवरून ॲप तपासण्यातली, बहुतेक डोकेदुखी या दोन प्रश्नांतच असते असं माझं मत आहे.

आधी 'कुठे'. सुरुवातीच्या काळातली रेकॉर्ड करून पुन्हा चालवायची टूल्स बरेचदा जागेवर विसंबून असत: डावीकडून इतके पिक्सेल, वरून इतके, तिथे क्लिक कर. स्क्रीनचा आकार बदलला की खेळ खलास. २००४ साली जेसन हगिन्स यांनी थॉटवर्क्स या कंपनीत सेलेनियम सुरू केलं, तेव्हा ब्राउझरच्या आत शिरून पानाची रचनाच वाचायची सोय झाली. पुढे वेबड्रायव्हर, म्हणजे ब्राउझरला हुकूम द्यायची ठरावीक पद्धत, आला, २०१८ मध्ये वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने त्याला प्रमाण म्हणून मान्यता दिली, आणि ॲपियमने तोच करार मोबाइलसाठी वापरला.

पण रचना वाचता आली म्हणून ती शहाणपणाने वाचली जाते असं नाही. ब्राउझरमध्ये राइट क्लिक करून 'कॉपी एक्सपाथ' केलं की पानावरच्या वस्तूचा पत्ता हातात येतो, बरेचदा असा: बॉडीमधला तिसरा डिव्ह (पानातला एक कप्पा), त्यातला दुसरा डिव्ह, त्यातला फॉर्म, त्यातलं पहिलं बटण. 'तिसरी गल्ली, दुसरं दार' असा पत्ता आहे हा. मध्ये एक नवी गल्ली निघाली की पाहुणा भलत्याच घरी. डिझायनरने बटणाभोवती एक डिव्ह वाढवला की ॲप ठणठणीत आणि टेस्ट आडवी. हे परवडलं, कारण निदान कळतं. तोच पत्ता आता 'रद्द करा'वर जातोय आणि ते दाबूनही टेस्ट पास होतेय, हे जास्त वाईट.

मग माणूस कसं शोधतो? तो 'पुढे' लिहिलेलं बटण शोधतो. प्लेराइट या ब्राउझर टेस्टिंगच्या टूलमधला 'गेट बाय रोल' हेच म्हणतो: बटण या प्रकारची, 'पुढे' या नावाची वस्तू दे. ही माहिती येते ॲक्सेसिबिलिटीसाठी, म्हणजे अपंग वापरकर्त्यांसाठी, केलेल्या सोयीतून. अँड्रॉइडवरचं यूआय ऑटोमेटर आणि आयफोनवरचं एक्ससीयूआयटेस्ट ही दोन्ही टेस्टिंग टूल्स त्याच थरातून स्क्रीन वाचतात, ज्यातून टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हर हे स्क्रीन बोलून दाखवणारे प्रोग्रॅम वाचतात. आता बघा, कचऱ्याच्या डब्याचं चित्र असलेलं एक बटण आहे आणि त्याला कुणी नावच दिलेलं नाही. तुमच्या स्क्रिप्टला ते सापडत नाही. ज्याला दिसत नाही अशा वापरकर्त्याला फोन नुसतं 'बटण' असं म्हणून दाखवतो. ते दाबलं तर काय पुसलं जाईल, देव जाणे. अशा वेळी टेस्टर डेव्हलपरकडे टेस्ट आयडी (फक्त टेस्टसाठी लावलेली, वापरकर्त्याला न दिसणारी खूण) मागतो. मी म्हणेन, आयडी मागू नका, नाव मागा. बग नाव नसण्यातच आहे. आयडी ठेवा लांबलचक यादीतल्या ओळींसाठी, जिथे दहा वस्तूंची नावं सारखीच असतात.

सेलेनियममध्ये 'एलिमेंट क्लिक इंटरसेप्टेड' ही एरर तुम्ही पाहिली असेल. क्लिक करायला गेलो आणि वर दुसरंच काहीतरी आलं: कुकीची पट्टी, चॅटचा गोल. इंटरनेटवर याचं औषध लगेच मिळतं, जावास्क्रिप्टने क्लिक करा. ते कुठल्याही आडकाठीला न जुमानता क्लिक करतं आणि टेस्ट हिरवी होते. अहो, पण टूल तुम्हाला खरं तेच सांगत होतं! बटणावर पट्टी आलीय, वापरकर्त्याचं बोटही तिथे पोचणार नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच हा प्रकार. प्लेराइट क्लिक करण्याआधी पाहतं की वस्तू दिसतेय का, एका जागी स्थिर आहे का, चालू आहे का, आणि क्लिक खरोखर तिलाच मिळेल का. या तपासण्या 'फोर्स' लिहून बऱ्याच अंशी टाळता येतात. कोड रिव्ह्यूमध्ये 'फोर्स' दिसला की मी कारण विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

आता या ॲक्सेसिबिलिटीच्या थराची मर्यादाही सांगतो, कारण मराठी ॲपमध्ये ती लगेच उघडी पडते. इंग्रजी अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून कुणीतरी ओळीची उंची ठरवलेली असते. त्या चौकटीत 'पूर्ण' हा शब्द आला की वरचा रफार छाटला जातो आणि खालचा ऊकार अर्धा कापला जातो. स्क्रिप्टने मजकूर विचारला तर उत्तर येतं 'पूर्ण', अगदी शुद्ध. टेस्ट पास. स्क्रीनवर मात्र काय लिहिलंय ते कळत नाही. इथे स्क्रीनशॉटची तुलना लागते, नाहीतर माणसाचा डोळा. स्क्रीनशॉट तुलनेबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. दोन मशीनवर फॉन्टच्या कडा किंचित वेगळ्या रंगतात, वर घड्याळ बदलत असतं, आणि रोज फरकांचा ढीग साचतो. आठवड्याभरात कुणीतरी 'सगळं मंजूर' दाबायला लागतं. म्हणून मोजक्याच स्क्रीन घ्या, बदलणारे भाग झाका, आणि फरक बघायची जबाबदारी एकाच माणसाकडे द्या.

भाषेचा विषय निघालाच आहे तर आकड्यांचं सांगायलाच हवं. जावास्क्रिप्टमध्ये १२३४ ही संख्या मराठी लोकेलने (भाषा आणि प्रदेशाच्या सेटिंगने) छापली की देवनागरी अंक येतात, हजाराच्या स्वल्पविरामासह. छान दिसतात. तोच मजकूर कुणी परत संख्येत बदलायला गेलं की उत्तर 'नॅन', म्हणजे ही संख्याच नव्हे. बरीच अँड्रॉइड ॲप ज्यात लिहिलेली असतात त्या जावाचं पार्सइंट, म्हणजे मजकुराची संख्या करणारं फंक्शन, मात्र देवनागरी '१२३' बिनतक्रार वाचतं. म्हणजे वापरकर्त्याने तेच अंक टाकले तर एकाच कंपनीचं अँड्रॉइड ॲप ते स्वीकारू शकतं आणि वेबसाइट नाकारू शकते. याहून लबाड प्रकार अँड्रॉइडवर होतो. मजकूर जुळवणाऱ्या स्ट्रिंग फॉरमॅटला लोकेल दिला नाही तर तो फोनची भाषा घेतो. फोन मराठीत असेल तर सर्व्हरला पाठवायची तारीखही देवनागरी अंकांत तयार होऊ शकते. सर्व्हर ती परत फिरवतो आणि स्क्रीनवर येतं 'नेटवर्क तपासा'. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! नेटवर्क तपासत तुम्ही दिवस घालवाल. त्यामुळे महत्त्वाच्या टेस्ट दुसऱ्या भाषेत एकदा तरी चालवा. अँड्रॉइडमध्ये त्यासाठी नकली लोकेलही आहेत. एक इंग्रजी मजकूर मुद्दाम लांबवतो, दुसरा सगळं उजवीकडून डावीकडे करतो. भाषांतर व्हायच्या आधीच फुटकी जागा कळते.

आता दुसरा प्रश्न, किती थांबायचं. नवशिक्याचं उत्तर: स्लीप, म्हणजे काही न करता थांब, पाच सेकंद. सर्व्हर एक सेकंदात उत्तर देत असेल तर दर वेळी चार सेकंद पाण्यात, आणि सहा सेकंद लागले तर टेस्ट फेल. अशा दोनशे टेस्ट झाल्या की संच उगाच रेंगाळतो आणि तरीही भरवशाचा नसतो.

म्हणून एखादी अट पूर्ण होईपर्यंत थांबा, हे सगळे सांगतात. पण अट कुठली, यात खरी गोम आहे. समजा बटण दाबल्यावर गोल फिरणारा लोडर येतो आणि डेटा आला की जातो. तुम्ही लिहिलं, 'लोडर असेल तोवर थांब'. स्क्रिप्ट इतकी चपळ असते की बटण दाबल्यावर तिने पाहिलं तेव्हा लोडर अजून आलेलाच नसतो. लोडर नाही? चला पुढे. पुढे रिकामी यादी, आणि टेस्ट फेल. तीही कधीतरीच, तुमच्या मशीनवर तर कधीच नाही. वापरकर्ता लोडर जाण्यासाठी थांबत नाही, यादी येण्यासाठी थांबतो. अट त्याची ठेवा.

एस्प्रेसो या अँड्रॉइडच्या टेस्टिंग टूलने हा प्रश्न आतून सोडवला. ते ॲपच्या आतच चालतं, मुख्य थ्रेडवरची, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या धाग्यावरची, कामं संपेपर्यंत वाट पाहतं आणि मगच पुढचं पाऊल टाकतं. तुमचं स्वतःचं मागे चाललेलं काम त्याला कळावं म्हणून 'आयडलिंग रिसोर्स' नोंदवावा लागतो. टेस्टच्या फोनवर डेव्हलपर ऑप्शन्समधली ॲनिमेशनची तिन्ही सेटिंग बंद करा असं सांगतात ते याच कारणासाठी.

कधी पास, कधी फेल अशा टेस्टला आपण फ्लेकी म्हणतो. गूगलने २०१६ मध्ये स्वतःचे आकडे जाहीर केले होते: त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार फ्लेकीपणा होता, आणि पास होणारी टेस्ट अचानक फेल झाली अशा घटनांपैकी सुमारे ८४ टक्के घटनांत फ्लेकी टेस्ट होती. गूगलची ही गत. अशा ठिकाणी 'लांडगा आला रे' व्हायला वेळ लागत नाही. लाल दिवा दिसला तरी कुणी मान वर करत नाही.

पण वेळेचा घोळ नेहमी टेस्टचाच असतो असं समजू नका. थेराक-२५ हे किरणोपचाराचं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याच्याकडून अतिमात्रेचे सहा अपघात झाले, काही रुग्ण दगावले. त्यातली टेक्सासमधल्या टायलरची १९८६ची घटना यूआय टेस्टरने बारकाईने अभ्यासावी अशी आहे. ऑपरेटरने इलेक्ट्रॉनच्या 'ई'ऐवजी सवयीने एक्स-रेचा 'एक्स' टाइप केला. चूक लक्षात येताच बाणाच्या कळीने वर जाऊन ती दुरुस्त केली आणि भराभर एंटर मारत खाली आली. तोवर यंत्राने चुंबकं जुळवायला घेतली होती. त्याला साधारण ८ सेकंद लागत, आणि तेवढ्यात केलेली दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या एका भागाला कळतच नसे. स्क्रीनवर 'ई'. आत मांडणी वेगळी. नंतर आलेला संदेश होता 'मालफंक्शन ५४', त्यावरून कुणाला काय कळणार? कंपनीच्या लोकांना हे आधी घडवून दाखवता येईना. रुग्णालयातला भौतिकशास्त्रज्ञ आणि ती ऑपरेटर पुन्हा पुन्हा टाइप करत बसले, तेव्हा उमगलं की वेग पुरेसा असेल तरच हे होतं. सावकाश टाइप करणाऱ्याच्या हाती हा दोष लागलाच नसता.

आपल्या ॲपमध्ये जीव जात नाहीत, पण दोषाची जात तीच. शोधाच्या चौकटीत 'पु' टाइप केलं, मग 'पुस्तक'. सर्व्हरकडे दोन मागण्या गेल्या. 'पुस्तक'चं उत्तर आधी आलं, 'पु'चं मागाहून, आणि त्याने चांगलं उत्तर पुसून टाकलं. हे नशिबाने सापडायची वाट बघू नका. प्लेराइटमध्ये नेटवर्कची मागणी मध्येच अडवता येते. पहिलं उत्तर मुद्दाम उशिरा सोडा, आणि चौकटीत 'पुस्तक' असताना खाली कशाची यादी आहे ते बघा. पैसे भरायच्या बटणावर पाठोपाठ दोनदा टॅप करा, मागणी किती वेळा जाते ते मोजा. अँड्रॉइडवर फोन आडवा केला की एरवी ती स्क्रीन मोडून नव्याने बांधली जाते. अर्धा भरलेला फॉर्म आडवा करून पाहा. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' असा पर्याय आहे. तो चालू करा, फॉर्म सोडून दुसऱ्या ॲपमध्ये जा, परत या. बरीच चांगली ॲप इथे विसराळू होतात.

माकडाबद्दल थोडक्यात. १९८३ मध्ये ॲपलच्या स्टीव्ह कॅप्स यांनी मॅकिंटॉशसाठी 'द मंकी' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो वाटेल तसे क्लिक आणि कळा मारत मॅकराइट, मॅकपेंटला छळायचा. अँड्रॉइडमध्येही 'मंकी' नावाचीच कमांड आहे. तिला सीड (क्रम ठरवणारा आकडा) दिलं की तोच धिंगाणा त्याच क्रमाने पुन्हा घालता येतो, म्हणून सीड नोंदवल्याशिवाय माकड सोडू नका. ॲप कोसळलं तर माकडामुळे कळेल. बेरीज चुकली तर त्याला पत्ताही लागणार नाही.

वेळ संपत आलीय, पण मघाशी मागून एक प्रश्न आला होता: फेल झालेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवावी का? चालवा, एकदा. मात्र पहिल्या वेळचा व्हिडिओ, लॉग, नेटवर्कच्या नोंदी पुसू नका, आणि दुसऱ्या फेरीत पास झालेली टेस्ट पास म्हणून मोजू नका. प्लेराइटचा अहवाल अशा टेस्ट 'फ्लेकी' या वेगळ्या रकान्यात टाकतो. तुमच्या टूलमध्ये तो रकाना नसेल तर स्वतः करा. त्यातली प्रत्येक टेस्ट कुणाच्या तरी नावावर लावा, आणि पुढच्या रिलीजपर्यंत तिचं कारण सापडलं नाही तर ती संचातून काढा. काढलेली गोष्ट हाताने तपासायची असं ठरलं असेल, तर ती कोण तपासणार हेही तिथेच लिहून ठेवा.