घरजावई आणि खुंट

पत्रिकेवर विषय छापलाय 'दुर्मीळ निवडुंगांची घरगुती कलमं'. तिथे पोचूच. आधी टेबलावरच्या या लाल चेंडूकडे बघा. यालाच नर्सरीत 'दुर्मीळ' म्हणून विकतात. (डोक्यावर गरम गोंदाने चिकटवलेलं फूल आहे, ते त्याचं नव्हे. लग्नातल्या फेट्यासारखं भाड्याचं समजा.)

हा जिम्नोकॅलिशियम मिहानोविची. १९४१ साली जपानमधल्या एजी वातानाबे यांना हजारो रोपांत दोन लाल रोपं सापडली, तिथून याचा वंश सुरू झाला. अंगात हरितद्रव्य नाही, म्हणजे स्वतःचं अन्न स्वतः करता येत नाही. दुसऱ्या निवडुंगाच्या खांद्यावर बसवला, तरच जगतो. थोडक्यात, घरजावई. कमवायचं सासऱ्याने, फोटो मात्र जावयाचे!

माझी तक्रार आहे ती सासऱ्याबद्दल. खालच्या हिरव्या, तीन धारांच्या खुंटाकडे कुणी बघत नाही. ती ड्रॅगन फ्रूटची वेल, हायलोसेरियस. युरोपातली पुस्तकं हिला अल्पायुषी ठरवून मोकळी होतात. का? तिकडची थंडी! पारा दहा अंशांखाली रेंगाळला, की ही वेल कुढते. तो दोष सोलापूर-सांगलीतल्या वेलीला कशासाठी चिकटवायचा? नर्सरीतला खुंट दोन-तीन वर्षांत मान टाकतो तो निराळ्या कारणांनी. जेमतेम आठ-दहा सेंटीमीटर उंची, वर काडीचंही न कमावणारा जावई आणि खाली रोजचं पाणी. जावई हिरवा असेल, अ‍ॅस्ट्रोफायटम या निवडुंगासारखा कमावता असेल, तर संसार जास्त टिकतो. आणि छाटणीनंतर आपल्याकडे याच वेलीचे तुकडे बांधावर टाकून देतात!

खुंट म्हणून कुंपणाचा त्रिधारी चालेल का, असं हमखास विचारतात. नाही चालणार. तो नावाचा निवडुंग, कुळाने एरंडाचा. चीक डोळ्यात गेला तर दवाखाना. फड्या मात्र खरा कॅक्टस.

आयोजकांची चिठ्ठी आलीय, सात मिनिटं. मग भरभर घेऊ.

खुंट मुळं धरलेला, पंधरा सेंटीमीटरचा. दोन दिवस आधी पाणी द्या, म्हणजे तो रसरशीत राहील. पाऊस टाळा, ओल्या हवेत जखम कुजते. फेब्रुवारी-मार्च किंवा ऑक्टोबर बरा. कटरचं नवं पातं स्पिरिटने पुसा. शेंडा कोवळ्या भागात आडवा, एका झटक्यात कापा. करवतीसारखं घासलंत तर पृष्ठभाग लाटेसारखा होतो आणि मध्ये हवा राहते. मग तिन्ही धारांच्या कडा तिरक्या तासा. हे विसरलात तर वाळताना साल मागे राहते, गाभा खाली बसतो आणि वरचा तुकडा उचलला जातो. निम्मी कलमं इथेच जातात.

आता खुंटाची पातळ चकती कापून तिथेच झाकणासारखी राहू द्या, म्हणजे काप सुकणार नाही. वरचं रोप बुडाशी सपाट कापा, चकती सरकवा, रोप ठेवा, किंचित फिरवत दाबा. दोन्ही कापांत फिकट कडं दिसतं, त्या अन्नपाण्याच्या वाहिन्या. ही कडी कुठेतरी एकमेकांवर यायलाच हवीत. छोटं रोप मोठ्या कड्याच्या बरोबर मधोमध ठेवलंत, तर दिसायला सुरेख, जोड शून्य. जरा बाजूला सरकवा. दोन रबर कुंडीखालून आडवे-उभे. तुकडा हलू नये, चेपूही नये. आठ-दहा दिवस सावली, कापावर पाण्याचा थेंब नको.

बियांपासूनची दोन-तीन आठवड्यांची, पाच मिलिमीटरची रोपं असतील तर खुंट पेरेस्किऑप्सिसचा, म्हणजे पानं असलेल्या बारीक निवडुंगाचा. पानं ठेवा, रबर नको, नुसतं टेकवा आणि तीन दिवस पिशवीखाली ठेवा. बियांचाच आग्रह का? २०२० साली इटलीत चिलीच्या वाळवंटातून चोरून उपटलेले हजारांहून जास्त निवडुंग पकडले, म्हणून. बियांना वेळ लागतो, हे खरं: अ‍ॅरिओकार्पससारखा संथ निवडुंग स्वतःच्या मुळावर वाढवायचा तर वर्षानुवर्षं बटणाएवढा. कलमावर फार लवकर फुलतो.

जोड धरला, की खुंटाच्या काट्यांपाशी फुटणारे कोंब लगेच खुडा, नाहीतर सगळा रस तिकडे. खत पातळ, जास्त झालं तर जावई फुगून तडकतो. पुढे हिरवा जावई (लाल नव्हे) स्वतःच्या मुळावर आणायचा असेल, तर खुंटाचा सेंटीमीटरभर तुकडा ठेवून कापा, पंधरा दिवस सावलीत सुकवा आणि कोरड्या भरड वाळूवर नुसता ठेवा. पाणी मुळं दिसल्यावर.