स्लॅबला पेलतील तेवढीच पुस्तके

मंडळी, विद्यापीठाला नवे ग्रंथालय हवे म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळे ऑनलाइन मिळते, मग इमारत कशाला? नियतकालिके बरीचशी पडद्यावर गेली, हे खरेच. पण लॅपटॉप उघडून सहा तास बसणाऱ्याला टेबल, प्लग आणि शांतता लागतेच. त्यावर अधिक बोलत नाही, कारण जुन्या इमारतीची खरी अडचण पायाखाली आहे.

हिशेब करू. 90 सेंटिमीटरच्या एका फळीवर साधारण तीसेक पुस्तके बसतात, वजन 30 ते 35 किलो. दोन्ही बाजूंनी सात-सात फळ्यांचा रॅक म्हणजे चौदा फळ्या, जवळजवळ 490 किलो, लोखंड वेगळे. बांधीव नियतकालिके असतील तर आकडा आणखी चढतो. वर्गखोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण 300 किलो धरून बांधतात, ग्रंथदालनाला किमान 600 धरावे लागतात. रुळांवर सरकणारे, एकमेकांना चिकटून उभे राहणारे रॅक, म्हणजे कॉम्पॅक्टर, बसवायचे तर 1000 च्या पुढे. म्हणून ‘शेजारचे चार वर्ग रिकामे करून देतो’ हा देकार ऐकायला उदार, घ्यायला धोक्याचा. स्लॅब मध्यभागी किंचित जरी वाकला तरी रूळ पातळी सोडतात आणि कॉम्पॅक्टर आपोआप उताराकडे सरकू लागतात.

दुसरे, जागा संपते ती फळी गच्च होण्याच्या बरीच आधी. नवे पुस्तक शेवटी ठेवता येत नाही, वर्गांकाप्रमाणे (पुस्तकाच्या विषयानुसार दिलेल्या क्रमांकाप्रमाणे) मधेच घुसवावे लागते. तिथे बोटभर फट नसेल तर पुढच्या पंधरा-वीस फळ्या हलवा! त्यामुळे 80 टक्के भरलेली फळी भरलीच समजावी. मात्र आधी निर्लेखन करा, म्हणजे निरुपयोगी पुस्तके संग्रहातून काढून टाका. त्याच पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीच्या आठ प्रती सांभाळायला कोणी नवी इमारत देऊ नये.

तळघर सुचवणारे नेहमी भेटतात. जमीन भार घेते, हा त्यांचा मुद्दा बरोबर. पण पाणीही तिथेच येते. 1997 च्या जुलैमध्ये कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे तळघर पुरात बुडाले आणि चार लाखांहून अधिक खंड भिजले. भिजलेला कागद फुगतो, पुस्तके एकमेकांत घट्ट रुततात, आणि दोन दिवसांत बुरशी धरू लागते. दालनाच्या डोक्यावर स्वच्छतागृह काढणे हे त्याच चुकीचे धाकटे भावंड.

नकाशा हाती आला की आधी खांब मोजा. दुहेरी रॅक अर्धा मीटर, वाट 90 सेंटिमीटर, म्हणजे एक रांग 1.4 मीटरची. दोन खांबांमधले अंतर तिच्या पटीत, समजा 7 मीटर, असले तर खांब रॅकच्या रांगेत दडतो. नाहीतर नेमका वाटेत उभा राहतो आणि ढकलगाडी अडते. जिने, लिफ्ट आणि नळ एका कडेला घ्या. दालनाच्या मधोमध घेतलेला जिना पुढे कोणालाच हलवता येत नाही.