जुनी कॅम्पर घेताय? आधी सीटबेल्ट ओढा

नमस्कार श्रोतेहो. गाडीतच झोपायचं, गाडीतच चहा करायचा आणि आंबोली-तारकर्ली फिरायचं, असं ठरवून जुनी कॅम्पर घ्यायला निघाला असाल, तर जरा थांबा.

कॅम्परला ब्रँड दोन असतात. खालची गाडी कंपनीची, आतलं घर ते बांधणाऱ्याचं. खाली फोर्सची ट्रॅव्हलर असेल तर स्पेअर पार्ट कुठंही मिळतात. पण आतलं काम कुणी केलं, तो आज फोन उचलतो का, हेही विचारा. दोन्ही विचारा.

माझ्या मावसभावाला अशीच एक गाडी आवडली होती. रंग चकाचक, आत फ्रिज, टीव्ही. आता राधानगरीच्या जंगलात जाऊन मालिकाच बघायच्या असतील, तर माणसानं घरीच बसावं की! असो. सोबत कोल्हापूरच्या उद्यमनगरातले आमचे मिस्त्री होते. मालक म्हणाला, "पुराचं पाणी? २०१९ ला नाही, २०२१ ला नाही. टिपूस लागलेला नाही."

मिस्त्रींनी बॉनेट उघडलंच नाही. ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि सीटबेल्ट ओढायला लागले. ओढतायत, ओढतायत, पार शेवटपर्यंत. वरचा पट्टा काळाभोर. आतला हातभर मातकट, त्यावर सरळ रेघ. तो त्यांनी भावाच्या नाकाला लावला. कुबट वास!

मालक म्हणाला, "चहा सांडला असंल."

मिस्त्री म्हणाले, "पंचगंगेतनं भरून आणला हुता काय चहा?"

मालकानं जाग्यावर पन्नास हजार कमी केले. मिस्त्री तोवर गेटाबाहेर.

तर पाणी बघा, पाणी. वायरिंगमध्ये शिरलेलं पाणी महिन्यांनी त्रास देतं. छताच्या सांध्याखालचं प्लायवूड अंगठ्यानं दाबा. मऊ लागलं तर छत गळतंय. एमएच ०७, ०८ ची, म्हणजे सिंधुदुर्ग-रत्नागिरीची गाडी असेल तर खाली वाकून गंज बघा, खारी हवा पत्रा खाते. टायरवर शेवटचे चार आकडे ३२१९ असतील, तर तो २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला, म्हणजे म्हातारा. नक्षी कितीही शाबूत दिसू दे, तो बदलायचा खर्च भावातून वजा करा.

आणि आतले बदल आरटीओकडे मंजूर होऊन आरसीवर चढलेत का, ते बघा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय इसार देऊ नका.