लवजींच्या घराण्यातली आगबोट

[दृश्य: फोर्टमधलं लायन गेट, नौदल गोदीची भिंत]

या भिंतीपलीकडे मुंबईच्या जुन्या सुक्या गोद्या आहेत, म्हणजे पाणी काढून जहाजाचं काम करायच्या जागा. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून इथं आले आणि त्यांच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या सागवानी जहाजं बांधली. त्यातलंच १८१७ चं ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगतं आहे.

याचं श्रेय आधी लाकडाला. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळे खातं. मलबारी सागातलं तेल उलट खिळ्यांना जपतं. शिवाय वाडियांचे सुतार फळ्या नुसत्या कडेला कड लावून ठोकत नसत. कडांना खाच पाडून त्या एकमेकींत बसवत.

[दृश्य: पारशी पगडीतल्या अर्देशीरांचं चित्र]

अर्देशीर कर्सेटजी वाडिया १८०८ साली याच घरात जन्मले. सुतारकी वारशानंच मिळाली, ओढ मात्र वाफेची.

१८३३ साली त्यांनी साठ टनी ‘इंडस’ बांधली आणि तिला वाफेचं इंजिन जोडलं. हे काम फार अवघड. इंजिन, बॉयलर, पाणी, कोळसा असा सगळा भार जहाजाच्या मधल्या थोड्याशा जागेत येतो. जहाजाचा कणा जरासा लवला, की पाणी कापणाऱ्या चाकांचा दांडा सरळ रेषेतून हलतो आणि बेअरिंग तापतात. म्हणून इंजिनाखाली जाड तुळया टाकून भार लांबपर्यंत वाटून द्यावा लागतो. त्यात तेव्हा बॉयलरमध्ये समुद्राचंच पाणी वापरत. वाफ निघून जाते, मीठ मागे उरतं आणि पत्र्यावर त्याचा थर बसतो. या थरातून उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, पत्रा बेसुमार तापतो, फुगतो, वेळ आली तर फाटतो. उपाय एकच: ठरावीक वेळानं तळचं खारट पाणी बाहेर सोडायचं आणि नवं घ्यायचं. त्या उकळत्या पाण्याबरोबर जळलेला कोळसाही वायाच जातो.

पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, माझगावच्या त्यांच्या घरात गॅसचे दिवे लागले. बंद लोखंडी भांड्यात कोळसा लालबुंद होईतो तापवायचा, निघालेला वायू थंड करून त्यातलं डांबर वेगळं काढायचं, चुन्यातून नेऊन दुर्गंधी गंधकवायू काढून टाकायचा आणि पाण्यात उपड्या ठेवलेल्या टाकीत साठवायचा. डांबर नीट निघालं नाही तर नळ्या तुंबतात. भांड्यात हवा शिरली तर स्फोटाचा धोका. हे सगळं त्यांनी फक्त देशी कारागिरांच्या हातून करून घेतलं. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसबत्त्या आल्या त्या १८६५ साली!

[दृश्य: जुना नकाशा – मुंबई, सुएझ, अलेक्झांड्रिया, लंडन]

१८३९ मध्ये ते इंग्लंडला निघाले. सुएझ कालवा नव्हता, त्यामुळे इजिप्तचं वाळवंट जमिनीवरून ओलांडायचं. खाण्यापिण्याचे नेमधर्म सुटू नयेत म्हणून पारशी नोकर सोबत घेतले होते. २७ मे १८४१ रोजी ते लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचे पहिले भारतीय फेलो, म्हणजे सदस्य, झाले. त्यांच्या शिफारसपत्रात साठ टनी जहाजाचा आणि गॅसच्या दिव्यांचा आवर्जून उल्लेख आहे.

त्याच वर्षी ते मुंबईच्या सरकारी स्टीम फॅक्टरीचे मुख्य अभियंता झाले. हाताखाली युरोपीय कारागीरही होते. गोऱ्यांवर देशी अधिकारी कसा, असा विरोध इंग्रजी वर्तमानपत्रातून झाला. अर्देशीर १८५७ पर्यंत त्या जागेवर राहिले. मधल्या काळात, १८४९ मध्ये, ते अमेरिकाही पाहून आले. पुढे सिंधमधल्या कोटरीला सिंधू नदीच्या आगबोटींचं काम, मग इंग्लंडात निवृत्ती, आणि १८७७ मध्ये रिचमंड इथं निधन.

पण त्यांच्या साऱ्या कामात आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती १८५१ ची एक आगबोट. तिचे सुटे भाग परदेशातून आलेले नव्हते, अर्देशीरांच्या स्वतःच्या ओतशाळेत घडलेले होते. ओतकामात चूक लवकर दिसत नाही. साच्याची वाळू ओलसर राहिली तर वितळलेलं लोखंड पडताच वाफ होते आणि ओतीव भागात पोकळ्या राहतात. सिलिंडर आतून कोरायला घेतला की मग त्या उघड्या पडतात, आणि तोवरची मेहनत भंगारात जाते. मुंबईच्या दमट हवेत साचे भट्टीत नीट वाळवण्याला पर्याय नाही.

असे भाग एकेक करून जुळवले आणि बोट पाण्यात उतरवली. तिच्यावर अर्देशीरांनी स्वतःचं नाव घातलं नाही. नाव दिलं ‘लवजी फॅमिली’.