सहा अक्षरांत मावलेली नावं

(दृश्य: पंचकार्ड, अगदी जवळून)
प्रोग्रॅममधल्या नावांची ही गोष्ट. हे पंचकार्ड, भोकं पाडून प्रोग्रॅम लिहायचं कागदी कार्ड. ८० रकाने. फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेची ओळ ७ ते ७२ या रकान्यांत बसवायची. शेवटचे आठ रकाने कार्डाच्या क्रमांकासाठी. गठ्ठा हातातून निसटला, तर तोच आधार.

(दृश्य: आयबीएम ७०४)
या जुन्या संगणकाच्या एका ‘शब्दात’, म्हणजे एकत्र हाताळायच्या तुकड्यात, ३६ बिट (शून्य किंवा एक), एका अक्षराला ६. म्हणजे एका शब्दात मावणार सहाच अक्षरं. १९५७च्या फोरट्रानमध्ये व्हेरिएबलचं, म्हणजे किंमत साठवायच्या जागेचं, नावही सहा अक्षरांपुढे जात नसे. फंक्शनची, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या तुकड्याची, तऱ्हा निराळी. नावाच्या शेवटी ‘एफ’ हवाच: साइनचं झालं एस-आय-एन-एफ. उत्तर पूर्णांकात मिळणार असेल, तर सुरुवातीला ‘एक्स’. सक्ती होती खरी, पण नाव वाचलं की काय परत मिळणार ते कळायचं.

(दृश्य: टेलिटाइप, कागद वर सरकतो)
संगणकाला जोडलेल्या या टंकयंत्राचा खडखडाट ऐका. युनिक्स या संगणकप्रणालीच्या सुरुवातीच्या काळात अशाच कळा बडवल्या जात. नावं आखूड झाली: दोन मजकूर ताडून पाहणाऱ्या ‘स्ट्रिंग कंपेअर’चं एस-टी-आर-सी-एम-पी झालं. सी भाषेच्या १९८९च्या प्रमाणकानंही दुसऱ्या फायलीतून वापरायच्या नावांतली पहिली सहाच अक्षरं ओळखण्याची हमी दिली. फाइल तयार करणाऱ्या ‘क्रिएट’चा शेवटचा ‘ई’ मात्र सहांत बसत असूनही गळला. युनिक्स पुन्हा लिहिताना काय बदलाल, असं विचारल्यावर त्याचे एक जनक केन थॉम्प्सन म्हणे म्हणाले, तो ‘ई’ लावीन.

(दृश्य: आजचा एडिटर)
आता दोन अक्षरं टाइप करा, बाकीचं नाव एडिटर, म्हणजे कोड लिहायचं साधन, पुरवतो. जावा भाषेत जोडशब्दातल्या पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, पायथॉन भाषेत मध्ये अंडरस्कोर. त्यावरची भांडणं तूर्त सोडू. गो भाषेत पहिलं अक्षर मोठं असेल, तरच फंक्शन पॅकेजबाहेर, म्हणजे कोडच्या त्या गटाबाहेर, दिसतं. तिथे ही आवडनिवड नाही, व्याकरण आहे.

पायथॉनची ही जोडी पाहा. ‘सॉर्ट’ हातातली यादीच क्रमानं लावतं आणि परत काही देत नाही. ‘सॉर्टेड’ लावलेली नवी यादी देतं. ‘लाव’ आणि ‘लावलेली’, एवढाच फरक. गफलत झाली, की यादीच्या जागी ‘नन’, म्हणजे काहीच नाही.

(दृश्य: पडद्यावर एक फंक्शन)
नाव ‘प्रोसेस डेटा’. कसला डेटा, कसली प्रक्रिया? ओळी खाली सरकताहेत. तळाशी कळतं: हे ग्राहकाला बिल पाठवतं.

(दृश्य: कळफलकावर बोटं)
जुनं नाव पुसलं. सेंड, अंडरस्कोर, इन्व्हॉइस. एंटर.